कुबट, पण हवाहवासा! जुन्या पुस्तकांच्या वासाला शब्द कोणता?

एका भाषांतरात अडकले आहे. बायरेडो या स्वीडिश कंपनीचं 'बिब्लिओतेक' म्हणजे 'ग्रंथालय' नावाचं महागडं परफ्यूम आहे. आधी ती सुगंधी मेणबत्ती होती, २०१७ साली परफ्यूम झालं. 'पुस्तकांचा सुगंध' लिहिलं तर उदबत्तीची जाहिरात वाटते. 'कुबट' लिहिलं तर बाटली कोण घेईल?

—

शब्द कुबटच. पण कुबटपणाला ओल लागते, आणि बंद कपाट. कोंदट असते ती हवा. बुरसट हा शब्द बुरशीवरून आला खरा, पण आता तो बहुतेक विचारांनाच लावतात. आणि बाटलीत आहे काय? पीच, प्लम, पिओनी, व्हायोलेट, चामडं, पॅचुली, व्हॅनिला. यात कुबट काय आहे? हे चामडी बांधणीच्या ग्रंथांचं युरोपातलं दालन झालं. आमच्या गावच्या वाचनालयात डांबरगोळ्यांचा वास यायचा.

—

व्हॅनिला उगाच नाही घातलेलं. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, ते विघटित होताना व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिनही सुटतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ग्रंथालयात लोकांना वास कसा वाटतो ते विचारलं होतं. तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडून सगळ्यांनी लाकडासारखा म्हटलं, ८६ टक्क्यांनी धुरकट, ७१ टक्क्यांनी मातकट, ४१ टक्क्यांनी व्हॅनिलासारखा. धुरकट, मातकट, कुबट, खवट... आपली वासाची विशेषणं '-ट'वर संपली की नाक मुरडल्यासारखी वाटतात.

—

मग मृद्गंधासारखा 'ग्रंथगंध' करा की.

—

नको! दिवाळी अंकाचं नाव वाटतं.

माझ्या मते खरी गंमत क्रियापदात आहे. फोडणीचा वास सुटतो, मोगरा दरवळतो, गटाराचा वास मारतो. पुस्तकाचा नुसता येतो. आणि नुसतं 'वास येतोय' म्हटलं की घरातले आधी कचऱ्याचा डबा बघतात. म्हणून कशाचा ते सांगावंच लागतं. 'जुन्या पुस्तकांचा वास' एवढंच लिहा, 'सु' जोडू नका. (शिवाय 'ग्रंथालयातला वास' म्हणजे तिथला मुक्कामही. आमच्यातल्या काहींच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू.)

—

अवांतर: बायरेडोचा संस्थापक बेन गोरॅम याची आई मूळची चेंबूरची. कंपनीने 'चेंबूर' नावाचंही परफ्यूम काढलं होतं. त्याचं भाषांतर करायला सांगितलं असतं तर तुमची सुटका होती.

—

धाग्याची मूळ लेखिका: 'जुन्या पुस्तकांचा वास' पक्कं केलं. चामड्यापुढे 'कातडी बांधणीचे ग्रंथ' असं फोडून लिहिते. आता 'पॅचुली'चं काय?

—

पाच! गजऱ्यात मरव्याबरोबर ओवतात ती. काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पॅचुलीचीच पानं घालत. आपल्याकडे पोथ्यांच्या कपाटात वेखंड ठेवायचे, तोच प्रकार. त्या बाटलीत आमच्या वाचनालयाच्या जवळचं काही असेल तर ही पाच.