माळ्यावरच्या पिल्लांवर ‘संस्कार’ झाले की ‘मतारोपण’?

शहापूर, बेळगाव (मूळ प्रश्न)
डिस्टोपियन, म्हणजे जुलमी भयाण समाजाचे चित्र काढणाऱ्या, कादंबऱ्यांत एखादा गट ज्ञानाची किल्ली आपल्या हाती ठेवून अजाण जिवांना आपल्या मताचे कसे करून घेतो, या विषयावरचा एक कन्नड लेख मी मराठीत आणते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. ऑर्वेलच्या ‘ॲनिमल फार्म’मध्ये (१९४५) नेपोलियन हा डुक्कर कुत्र्याची नऊ पिल्ले दूध तुटताच आयांपासून काढून घेतो, यांच्या शिक्षणाची जबाबदारी माझी असे सांगतो आणि शिडीवाचून जाता येणार नाही अशा माळ्यावर त्यांना ठेवतो. पुढे ती खाली उतरतात ती त्याच्या इशाऱ्यावर कोणाचाही गळा धरणारे कुत्रे होऊनच. मधल्या काळात माळ्यावर जे घडले त्याला मी ‘संस्कार’ म्हटले, तर सासऱ्यांनी ते पेन्सिलीने खोडून वर ‘मतारोपण’ लिहिले. तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. आपण काय लिहिले असते?

खानापूर
ताई, ‘मतारोपण’ वाचून मला वृक्षारोपणाचा फलक आठवला. ‘पढवणे’ हा घरचा शब्द असताना बाहेर कशाला जायचे? आमच्या गावात बांधाच्या भांडणात एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पंचांपुढे उभे केले होते. त्याने सगळे बिनचूक सांगितले. पण बांधावर झाड कसले होते, असे मध्येच कोणी विचारताच तो पहिल्या वाक्यापासून पुन्हा म्हणू लागला. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “कोण शिकवून पाठवलंय रे तुला?” संस्कृत पठ् धातूपासून आलेले हे क्रियापद समर्थांच्या ‘पढतमूर्खा’पर्यंत पोचले आहे, तेव्हा त्याच्या कुळाविषयी शंका नसावी.

निपाणी
म्हातारी ‘शिकवून’ म्हणाली, ‘पढवून’ नव्हे, हे आपल्या ध्यानात आले नाही काय? शिवाय पढवलेला साक्षीदार साक्ष संपली की मोकळा होतो. त्या कादंबरीत पढवलेल्या कोणी असतील तर त्या मेंढ्या. नेपोलियनचा प्रचारक डुक्कर स्क्वीलर त्यांना आठवडाभर बाजूला नेऊन नवे घोषवाक्य म्हणायला शिकवतो आणि त्या परत येऊन तेवढेच ओरडतात. पिल्लांचे तसे नाही, ती मनापासून नेपोलियनची झालेली असतात.

‘ब्रेनवॉशिंग’ तर मुळीच नको. १९५०मध्ये एका अमेरिकी पत्रकाराने ‘मेंदू धुणे’ या चिनी शब्दप्रयोगावरून तो शब्द रूढ केला. पण धुवायला आधी काही माखलेले असावे लागते. ‘बुद्धिभेद’ याच कारणाने बाद होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जाणत्याने अज्ञांचा बुद्धिभेद करू नये असे आहे, म्हणजे त्या अज्ञांची काही एक श्रद्धा आधीच बसलेली आहे. दूध नुकते तुटलेल्या पिल्लाचे काय भेदणार?

शहापूर, बेळगाव (प्रश्नकर्तीचा सासरा)
सूनबाईंच्या मोबाईलवरून लिहितो आहे. ‘संस्कार’ म्हटले की आपल्याला मुंज आठवते, शुभंकरोती आठवते. त्या शब्दाला कुत्र्यांच्या माळ्यावर चढवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. नवा शब्द जड लागतो हे मान्य आहे. सावरकरांचा ‘महापौर’ही एके काळी जडच होता, आणि आज बेळगावात महापौरपदाची निवडणूक आली की पानपट्टीवरदेखील तोच शब्द चालतो. कचेरीतला कागद कन्नड, दुकानाची पाटी कन्नड. अशा ठिकाणी आपली परिभाषा आपणच घडवली नाही तर कोण घडवणार?

शहापूर, बेळगाव (मूळ प्रश्न)
मामांचा मान राखून सांगते. ॲटवूडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) बायकांना वाचायची बंदी आहे, आणि दासींना तयार करणाऱ्या ज्या ‘आंट’ आहेत त्यांना तेवढी लिहिण्या-वाचण्याची मोकळीक आहे. त्यांना मराठीत ‘मावशी’ म्हटले तर अंगावर काटा येतो, कारण ‘माय मरो पण मावशी जगो’ हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. तिथे ‘प्रशिक्षिका’ लिहिले तर तो काटाच निघून जाईल. ‘संस्कार’ मी त्याच हेतूने लिहिला होता.

येळ्ळूर
माझे मत ‘वळण’ला आहे. अक्षराला वळण असते आणि पोरालाही लावायचे असते. कन्नड शाळेत बाई पाटीवर मोठे अक्षर काढून देत आणि त्याच्यावरून पेन्सिल फिरवायला सांगताना ‘तिद्दु’ म्हणत. घरी आजी त्यालाच ‘गिरव’ म्हणे. ‘तिद्दु’ म्हणजे गिरवणे आणि ‘तिद्दु’ म्हणजे सुधारणेही. रेघ इतकी जाड होई की खालचे बाईंचे अक्षर कोणते आणि माझे कोणते हे शेवटी मलाच कळत नसे. माळ्यावर तेच चालले असणार.

खानापूर
‘वळण’ चालेल, पण त्यासाठी कन्नडचा दाखला कशाला? ‘गिरवणे’ आपले स्वतंत्र आहे, ‘गिरकी’चे भावंड असावे.

निपाणी
गिरकी गोल असते. ‘ण’ची उभी रेघ आपण गिरकी घेऊन गिरवत होता काय?

येळ्ळूर
कन्नडचा दाखला नको म्हणणाऱ्यांनी आधी ‘अडकित्ता’ आणि ‘चहाडी’ घरातून बाहेर काढून दाखवावी.

शहापूर, बेळगाव (मूळ प्रश्न)
लेख सोमवारी द्यायचा आहे. त्या ओळीवर आता चार शब्द आहेत, आणि ‘वळण’ मामांनी आत्ताच खोडला.