नेट गेलं तर आजीआजोबांपर्यंत कोण पोचणार?

नमस्कार मंडळी,

परवाच्या बैठकीत हा विषय वेळेअभावी राहून गेला, म्हणून इथे मांडते.

८ जुलै २०२२ चा शुक्रवार आठवतोय ना? रविवारी आषाढी एकादशी होती. मी साबुदाणा, दाणे, रताळी घेऊन काउंटरवर गेले तर डेबिट चालेना, इंटरॅक (इथली डेबिट कार्डांची यंत्रणा) कॅनडाभर बंद. पर्समध्ये एक नोट नव्हती. पिशवी तिथेच ठेवून घरी आले.

साबुदाण्याचं काही नाही. घरी सासूबाई एकट्या होत्या, आणि आमचे मोबाइल, घरचा फोन, वायफाय सगळं एकाच कंपनीचं, रॉजर्सचं. एक कोटी वीस लाखांहून जास्त ग्राहकांचं त्या दिवशी हेच झालं. मुख्य नेटवर्कच्या देखभालीत चूक झाली, आणि मोबाइल आणि घरचं इंटरनेट एकाच गाभ्यावर चालत असल्याने दोन्ही एकदम गेलं. कित्येकांना ९-१-१ (तातडीच्या मदतीचा नंबर) सुद्धा लागेना. सासूबाई दुपारभर फोन हातात धरून खिडकीशी बसून होत्या.

आपल्या ज्येष्ठ सभासदांची यादी ऑनलाइन शीटमध्ये आहे. नेट नसेल त्या दिवशी ती उघडणारच नाही. कागदावर उतरवून काढूया का?

– मिसिसागाहून

---

काकू, नक्की करूया. फक्त सगळ्यांची एक मोठी यादी नको. जवळजवळच्या पाच-पाच घरांचे गट करू, गाडीशिवाय चालत जाता येईल असे. यादीत औषधं आणि इथल्या एका नातेवाइकाचा नंबर हवाच. मुलांचे नंबर आता कुणालाच पाठ नसतात.

अजून एक. घरात दोन मोबाइल असतील तर नेटवर्क वेगळी घ्या. स्वस्त प्लॅनवाल्या कंपनीचं नाव वेगळं असतं, पण टॉवर बऱ्याचदा मोठ्या कंपनीचाच असतो, तेव्हा आधी विचारून घ्या. त्या दिवशी फोनला टॉवर दिसत होते, मागचं नेटवर्क मेलेलं. फोन आपल्याच टॉवरला चिकटून राहिले आणि ९-१-१ अडला. अशा वेळी सिम काढलं की फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ९-१-१ लावू शकतो. आजीआजोबांना हे नुसतं सांगून भागणार नाही. सिमची पिन कुठे टोचायची ते शेजारी बसून त्यांच्याच हाताने दोनदा करून घ्यायला हवं.

बाकी थोडी रोख (सुट्या नोटा), सेलवरचा रेडिओ आणि ७२ तासांचं सामान सरकार सांगतंच.

– ब्रॅम्प्टनहून

---

दादा, पाच घरांचं पटलं. पत्ते त्या-त्या गटापुरतेच राहू देत, सगळ्यांना वाटायला नकोत.

आज स्कारबरोच्या आजींकडे जाऊन आले. त्यांच्या बिल्डिंगचा बझर त्यांच्या मोबाइलवर वाजतो. म्हणजे फोन बंद पडला तर आपण खाली दाराशी पोचूनही वर जाता येणार नाही. जादा चावी कुणाकडे ठेवलेली चालेल, असं त्यांनाच विचारलं. समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ ताईंचं नाव त्यांनी लगेच सांगितलं. ताईंचा फ्लॅट नंबर मी पेनाने लिहून आणलाय.

तुमच्या इमारतींचे बझर कसे चालतात ते रविवारपर्यंत कळवा.

– मिसिसागाहून