१९४४ ची फोर्ड जीप: मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड पडतोय, काय करावं?

चिखलवाट

नमस्कार मंडळी. आमच्या घरची जीप पुन्हा उभी करतोय आणि महिनाभर एकाच जागी अडकलोय, म्हणून हा धागा.

गाडी आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली. पुढचं क्रॉस मेंबर उलट्या यू आकाराचं आहे, गोल पाइपचं नाही, म्हणजे चेसिस विलीजची नसून फोर्ड जीपीडब्ल्यूची. वडिलांच्या काळात पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स बसवला होता. त्याच वेळी मागचा अ‍ॅक्सल बदलून नागरी जीपचा घातला. आता मी मूळ जातीचं एल-१३४ पेट्रोल इंजिन, टी-८४ गिअरबॉक्स आणि डाना १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणारी पेटी) मिळवून चेसिसवर चढवलंय. बॉडी अजून पेंटरकडे आहे.

अडचण अशी. मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारी नळी, डिझेलच्या वेळी कापून आखूड केलेला आहे. दोन्ही टोकं जोडली की सरकत्या योकमध्ये (शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या तोंडात) स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे उभे दाते, जेमतेम १९ मिमी आत राहतात. दुसरं, नवा क्रॉस (जॉइंटमधला अधिक-चिन्हासारखा तुकडा) बसवताना त्याच्या टोकांवरचे तीन बेअरिंग कप नीट गेले, पण चौथ्याचा सर्क्लिप (कप अडकवणारी रिंग) खाचेत बसतच नाही, कप दोनेक मिमी बाहेर राहतो. आणि हो, डिझेलवर असतानाही ४५ च्या पुढे गाडी जोरात थरथरायची. वडील म्हणायचे, जीप आहे, थरथरणारच.

आमच्याकडचा लेथवाला उद्याच नळी लांब करून द्यायला तयार आहे. देऊ का?

निवृत्त ईएमई

उद्या देऊ नका.

२४ वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली काढली, म्हणून आधी विचारतो: १९ मिमी मोजलंत तेव्हा गाडी चाकांवर होती की स्टँडवर?

आणखी एक, हे आधी वाचा आणि मग खाली शिरा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी आहे. तो मागचा शाफ्टच धरून ठेवतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी. चारही चाकांना लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली झोपू नका. माझ्या डोळ्यांदेखत एक गाडी उतारावरून अशीच सरकली होती. मेकॅनिकचा पाय थोडक्यात वाचला.

चिखलवाट

काका, स्टँडवर होती. चेसिस स्टँडवर, मागचा अ‍ॅक्सल पाट्यांना लटकलेला. ठोकळ्यांचं लक्षात ठेवतो, खरंच माहीत नव्हतं.

लेथ आणि लोखंड

मग ते १९ मिमी विसरा. भोसरीत आमचं शाफ्ट दुरुस्तीचं आणि बॅलन्सिंगचं छोटं वर्कशॉप आहे, आणि चुकीच्या मापाने लांब-आखूड केलेले शाफ्ट दुरुस्त करण्यातच आमचे निम्मे दिवस जातात.

अ‍ॅक्सल लटकला की तो खालीही जातो आणि पाट्यांच्या कमानीमुळे थोडा पुढेमागेही सरकतो. जीपचा मागचा शाफ्ट मुळातच आखूड. जीपीडब्ल्यूमधला ‘पी’ म्हणजे ८० इंच व्हीलबेस, त्यातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसची लांबी वजा करा, उरतं किती? एवढ्या आखूड शाफ्टला अ‍ॅक्सलच्या दोन इंचांच्या हालचालीनेही कोन चांगलाच बदलतो. त्यात तुमचे पाटे नवे असतील तर ते अजून दबलेले नाहीत. बॉडी नाही, टाकीत पेट्रोल नाही, माणसं नाहीत. अशा अवस्थेतल्या मापावर नळी कापली की गाडी पूर्ण झाल्यावर पुन्हा माझ्यासारख्या कुणाकडे यावं लागतं.

चाकं जमिनीवर टेका. बॉडी नसेल तर तिच्या वजनाइतकी वाळूची पोती चेसिसवर ठेवा, पुढे-मागे वाटून. गाडी दहा-वीस फूट ढकलून पुढेमागे करा म्हणजे पाटे मोकळे होतील. मग मोजा. पण लांबी नाही. आधी कोन.

चिखलवाट

ताई, कोन म्हणजे नेमके कुठले? आणि लांबीच्या आधी का?

लेथ आणि लोखंड

क्रॉसचा जॉइंट तिरका चालला की आत येणारा वेग एकसारखा असला तरी बाहेर जाणारा एकसारखा राहत नाही. एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. ९ अंशांवर हा फरक दोन्हीकडे साधारण सव्वा टक्का, २० अंशांवर सहा टक्के. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा जॉइंट तितक्याच कोनात असेल, तर पहिल्याने केलेली गडबड तो निस्तरतो. म्हणून ट्रान्सफर केसमधून बाहेर येणारा शाफ्ट आणि अ‍ॅक्सलचा पिनियन (अ‍ॅक्सलमधला, शाफ्टने फिरणारा दांडा) एकमेकांना समांतर हवेत. मधला शाफ्ट तिरका असला तरी चालतं.

तुमच्या गाडीत अ‍ॅक्सल बदललाय, म्हणजे पाटे टेकायच्या बैठका कुणीतरी नव्याने वेल्ड केल्या असणार. मला त्यांच्यावरच संशय आहे. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज मिळतो, तो घ्या आणि तीन मापं कळवा: ट्रान्सफर केसच्या फ्लँजचं (शाफ्ट जोडायच्या चकतीचं), शाफ्टच्या नळीचं आणि पिनियनच्या फ्लँजचं. जमिनीच्या उताराची काळजी नको, आपल्याला फरकच हवाय.

लांबी नंतर, कारण पिनियनचं नाक वरखाली केलं की फ्लँज काही मिलिमीटर हलतो.

निवृत्त ईएमई

कपाचं सांगतो. ठोकू नका. आत निडल पडलीय. कप सरकवताना एक बारीक सुई आडवी होऊन तळाशी गेली की कप बरोबर एवढाच बाहेर राहतो. लोक हातोडा घेतात, योकचा कान वाकतो, आणि मग तो क्रॉस आयुष्यभर जड फिरतो. कप बाहेर काढा, सुया मोजून दुसऱ्या कपाशी ताडून बघा, घट्ट ग्रीसने भिंतीला चिकटवा. बसवताना क्रॉसची दांडी कपात अर्धी शिरलेली ठेवा, म्हणजे सुयांना पडायला जागाच राहत नाही. बाकाच्या शिकंज्यात सावकाश दाबा.

योकची भोकं ढिली झाली असतील तर कुणी सेंटर पंचने टिंब मारून किंवा डब्याचा पत्रा घालून देईल. घेऊ नका. योक बदला.

अ‍ॅक्सलच्या बाजूला यू-बोल्ट आहेत ना? ते जीव खाऊन आवळायचे नसतात. २० न्यूटन-मीटर पुष्कळ झालं. जास्त आवळलं की कप अंडाकृती होतो.

नगरकर_७४

पुढच्या शाफ्टकडेही बघून घ्या. तुमच्या जीपचा पुढचा अ‍ॅक्सल मूळचा असेल तर त्याच्या आतल्या अ‍ॅक्सल शाफ्टचे जॉइंट बेंडिक्स, झेपा, ट्रॅक्टा, स्पायसर अशा चार प्रकारांपैकी कुठलेही असू शकतात. हब उघडून प्रकार बघितल्याशिवाय सुटे भाग मागवू नका. मी न बघता मागवले आणि एकही बसला नाही.

चिखलवाट

उशीर झाला, पोती गोळा करण्यात रविवार गेला. नगरकर, आमचे बेंडिक्स निघाले, आभार. काका, सुईच होती! एका कपात एक कमी आणि तळाशी आडवी पडलेली. आता चारही सर्क्लिप खाचेत आहेत आणि क्रॉस बोटाने फिरतो.

कोन असे: ट्रान्सफर केसचा शाफ्ट मागे ३ अंश खाली झुकलेला. नळी १२ अंश. पिनियनचं नाक ८ अंश वर.

लेथ आणि लोखंड

सापडलं. पुढच्या जॉइंटचा कोन १२ वजा ३ म्हणजे ९. मागच्याचा १२ वजा ८ म्हणजे ४. पाच अंशांचा फरक. एक अंशापर्यंत चालवून घेता येतो, पाच नाही. तुमच्या वडिलांनी जी थरथर सोसली ती जीपची नव्हती, या वेल्डिंगची होती.

ज्याने बैठका वेल्ड केल्या त्याने पिनियन सरळ ट्रान्सफर केसच्या दिशेने रोखला. डोळ्यांना ते बरोबर दिसतं. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी जॉइंट असलेल्या शाफ्टला ते बरोबर असतंही, पण तुमच्याकडे दोन साधे क्रॉस आहेत.

सगळ्यात चांगलं, बैठका कापून पुन्हा बरोबर कोनात वेल्ड करणं. ते नको असेल तर पाटे आणि बैठक यांच्यामध्ये ४ अंशांची पोलादी पाचर घाला, पिनियनचं नाक खाली येईल अशी. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती दबते आणि फुटते. मधला बोल्ट लांब लागेल. अ‍ॅक्सलवर पुन्हा कापाकापी करण्यापेक्षा मला तरी पाचर बरी वाटते, कारण उद्या या जीपचा मूळचा डाना २३ अ‍ॅक्सल मिळाला तर सगळं उलटवता येतं.

मग लांबी. गाडी वजनासह उभी असताना सरकता योक पूर्ण आत दाबलेल्या स्थितीपासून साधारण २५ मिमी बाहेर हवा. अ‍ॅक्सल पूर्ण लटकला तरी स्प्लाइन त्यांच्या व्यासाच्या दीडपट तरी आत राहिले पाहिजेत. नळी सीमलेसच घ्या, पाण्याचा पाइप नाही. जुन्या नळीला तुकडा जोडायचा नाही, पूर्ण नवी नळी. वेल्डिंगआधी चार ठिकाणी टाके, लेथवर डायल लावून तपासणी, टोकांशी पाव मिमीपेक्षा जास्त हेलकावा नको. नंतर बॅलन्सिंग. ६० च्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला सव्वादोन हजारांच्या आसपास फेरे घेतो, तुमच्या नागरी अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८ असेल तर अडीच हजारांच्या जवळ.

निवृत्त ईएमई

आणि बाण. नळीवर आणि सरकत्या योकवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर. जीपच्या जुन्या लष्करी पुस्तिकेत, टीएम ९-८०३ मध्येही, तेच सांगितलंय. खुणा झिजल्या असतील तर दोन्ही टोकांच्या योकचे कान एका रेषेत आणा. एखादा स्प्लाइन जरी चुकला तरी ताईंनी सांगितलेली सगळी गणितं वाया. नवी नळी वेल्ड करताना लेथवाल्याला हे समोर उभं राहून सांगा.

स्प्लाइनमध्ये ग्रीस ठासून भरू नका. योक दाबला की ग्रीसला जायला जागा उरत नाही आणि टोकाची टोपी उडते.

चिखलवाट

पाचर घातली. आधी अँगल गेजने, मग टेपने, मग व्हर्नियरने मोजलं आणि त्यानंतरच शाफ्ट लेथवर दिला. लेथवाल्याने बाणांचं ऐकून घेतलं, उलट जुन्या शाफ्टवर ते एक स्प्लाइन चुकलेले होते हे त्यानेच दाखवलं.

काल बॉडी चढवली. पाटे बसल्यावर नळीचा कोन १० अंशांवर आला, म्हणजे पुढे ७, मागे ६. संध्याकाळी वडिलांना शेजारी बसवून बायपासपर्यंत नेली. ६० ला गिअर लिव्हर स्थिर होता. वडिलांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

एकच राहिलं: यू-बोल्ट पुन्हा कधी तपासायचे?

निवृत्त ईएमई

शंभर किलोमीटरनंतर एकदा, मग हजारला. पाचरीमुळे पाट्यांचे यू-बोल्टही ढिले पडतात, तेही त्याच वेळी बघा. आणि गाडीचा फोटो टाका.