मदत हवी आहे: शार्लट्सव्हिलच्या बातमीला मथळा काय द्यावा?

मंडळी, पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. काल वर्गात कडाक्याचा वाद झाला, अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल शहरातल्या ऑगस्ट २०१७ च्या प्रकरणावरून: एका बाजूला गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्यांचा मोर्चा, दुसऱ्या बाजूला त्याला विरोध करणारे लोक. १५ ऑगस्ट २०१७ ला ट्रम्प म्हणाले, दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती. त्याच पत्रकार परिषदेत हेही म्हणाले, की निओ-नाझींबद्दल (हिटलरच्या विचारांच्या आजच्या समर्थकांबद्दल) मी बोलत नाही, त्यांचा पूर्ण निषेधच व्हायला हवा. एक मुलगी तावातावाने म्हणाली, हे वाक्य गाळणं म्हणजे लबाडी. मागच्या बाकावरचा मुलगा उठला: ११ तारखेच्या रात्री मोर्चेवाल्यांनी मशाली घेऊन ज्यूंविरुद्ध घोषणा दिल्या, दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घालून एका तरुणीचा जीव घेतला, मग त्या बाजूची चांगली माणसं कोण, हे बातमीत विचारायला नको?

मला दोघांचंही पटतं. बातमीत दोन्ही वाक्यं घ्यायची, पण मथळ्यात जेमतेम सहा शब्द मावतात. डेस्कवर काम केलेलं कुणी आहे का इथे? तुम्ही काय मथळा द्याल?