जुन्या काचसामानाला 'नक्षीदार' सोडून काय म्हणायचं?

घरातल्या जुन्या काचसामानाची मराठीत यादी करते आहे. कट ग्लास, प्रेस्ड ग्लास, एन्ग्रेव्ह्ड, सगळ्यांपुढे 'नक्षीदार काच' एवढंच लिहिलं गेलंय. वेगळे शब्द आहेत का? आणि 'बिलोरी' नेमकं कशाला म्हणायचं?

— 'नक्षीदार' काढूनच टाका. वस्तू कशी घडली ते त्यातून कळत नाही, आणि जुनी काच ओळखायची ती घडणीवरूनच.

कट ग्लासला 'पैलूदार'. रत्नाला पाडतात तसेच पैलू काचेला फिरत्या चाकावर पाडतात, त्यामुळे बोट फिरवलं की धारा लागतात. प्रेस्ड ग्लासवर हीच नक्षी दिसते, पण कडा बोथट असतात आणि बहुधा बाजूने साच्याच्या जोडाची बारीक उभी रेघ गेलेली असते. याला 'ओतीव' म्हणावंसं वाटेल, पण इथे काच नुसती ओतत नाहीत, दट्ट्याने साच्यात दाबतात. ही यंत्रं अमेरिकेत १८२०च्या दशकात आली. मी सरळ 'साच्याची काच' लिहितो. एन्ग्रेव्ह्ड ते 'कोरीव': रेषा उथळ, बहुतेकदा धुरकट. नळीने फुंकून केलेली ती 'फुंकीव'. तिच्या बुडाशी, घडवताना धरायला चिकटवलेली सळई तोडल्याचा खरखरीत वण किंवा तो घासून केलेला गुळगुळीत खळगा सापडतो.

बिलोर म्हणजे मुळात स्फटिक. स्फटिकासारखी नितळ काच करण्यासाठी तिच्यात शिसं घालायची इंग्लंडमधली रीत जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टमुळे रुळली. त्याचं पेटंट १६७४चं. हातात जड लागते, टिचकीचा नाद रेंगाळतो. 'बिलोरी' हा शब्द या काचेसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या मेजावर चांदीची आगगाडी मद्य घेऊन पाहुण्यांपुढे फिरायची, तिच्यावरचे डिकँटर पैलूदार काचेचे. डिकँटरला 'बुचाची सुरई' म्हटलं तरी चालेल. नुसती 'सुरई' म्हटलं की पाण्याची, लांब मानेची डोळ्यांपुढे येते.

— आभार! एक नारिंगी पेला उरलाय. उजेडात फिरवला की वर जांभळी-हिरवी झाक येते.

— ही कार्निव्हल ग्लास असावी. साच्यातून निघालेल्या गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून ती झाक आणतात. अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७च्या सुमारास ही काच बाजारात आणली. 'कार्निव्हल' हे नाव मात्र पुष्कळ नंतरचं, संग्राहकांनी दिलेलं. कापडातला 'धूपछाव' शब्द इथे चपखल बसतो. पेल्याचं बूडही बघा. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सच्या काही पेल्यांवर रोमन लिपीत 'जैन' अशी उठावाची अक्षरं असतात. ती सापडली तर यादीत लिहा: 'साच्याचा पेला, नारिंगी, धूपछाव झाक, फिरोजाबाद'.