चेलोवर एफ सूर घुरघुरतो, उपाय काय?

साष्टीकर: मडगावच्या चर्चमधल्या वाद्यवृंदाचा चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं, बसून वाजवायचं वाद्य) आहे. ‘जी’ (G) तारेवर चौथ्या पोझिशनमध्ये (हात मानेवर ठरावीक जागी सरकवून) चौथ्या बोटाने एफ (सुमारे १७५ हर्ट्झ) धरला की सूर थरथरतो, मध्येच सप्तकभर वर उडतो, परत खाली येतो. डी तारेवर तोच एफ बराच बरा लागतो. पावसाळा लागल्यापासून त्रास वाढलाय. रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) बदललं, तार नवी घातली, फरक शून्य. साउंडपोस्ट (पोटात दोन फळ्यांमध्ये उभी असलेली लाकडी कांडी) सरकवून घेऊ का?

गज-घोडी: ही वुल्फ नोट. तारेचा दोष नाही. गजाखाली तार दर आवर्तनात (म्हणजे दर कंपनात) एकदा गजाच्या केसांना चिकटते, एकदा सुटते. तारेवरून फिरणारा एक कोपरा बोटाकडून येताना तिला सोडवतो आणि घोडीवर आपटून परतताना पुन्हा चिकटवतो. त्यासाठी घोडी (तारा टेकतात तो लाकडी तुकडा) जवळजवळ स्थिर हवी. तुमच्या चेलोच्या घोडीखालच्या वरच्या फळीचा स्वतःचा सूर नेमका एफजवळ आहे, म्हणून तिथे घोडीच डोलते, ऊर्जा फळीत जाते आणि तार आवर्तनात दोनदा सुटू लागते. सप्तकाची उडी ती हीच. मूळ सूर गेला की फळी शांत होते, तार पुन्हा एकदाच सुटते, फळी पुन्हा डोलते. सेकंदाला काही वेळा हेच चक्र. ‘जी’ तार डी तारेपेक्षा जड, तिचा फळीवर पगडा जास्त, म्हणून तिच्यावर जास्त त्रास. चं. वें. रामन यांनी १९१६ साली याच घुरघुरीवर शोधनिबंध लिहिला होता, जरूर वाचा.

फोंड्याहून: आधी गज सुधारून पाहा. सूर टिकवणारा किमान दाब गजाच्या वेगाबरोबर वाढतो आणि घोडीपासूनचं अंतर निम्मं केलं की चौपट होतो. म्हणजे गज थोडा फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायच्या पट्टीकडे), वेग कमी, गजावर वजन जास्त. गुडघ्यांनी चेलोच्या कडा दाबल्यावरही बराच आळा बसतो.

एवढ्याने भागलं नाही तर आत रबर असलेली पितळी नळी ‘जी’ तारेच्या घोडी आणि टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) यांमधल्या तुकड्यावर बसवा. टेलपीसकडून सुरुवात करून दोन-दोन मिलिमीटर सरकवा, दर वेळी एफ वाजवा. योग्य जागी तो तुकडा नळीसकट एफलाच डोलतो आणि फळीची ऊर्जा शोषतो. जागा फार अरुंद असते; चुकली तर घुरघुर शेजारच्या सुरावर जाते. नळी आवळणारा स्क्रू सैल राहिला तर नळी खडखडते.

गज-घोडी: साउंडपोस्टला आत्ता हात नको! ओलाव्याने फळी फुगून वर आलेली असते. आत्ता पोस्ट घट्ट बसवला तर हिवाळ्यात फळी खाली बसताना तो आतून रेटतो, चीर जाऊ शकते. भिजलेली फळी जड आणि मऊ होते, त्यामुळे घुरघुरीचा सूरही थोडा सरकतो. नळीची जागा नाताळच्या तालमींआधी पुन्हा तपासा.