निवृत्त नौसैनिकाची बढतीची नोंद दुरुस्त करायला नकार, आता पुढे काय?

चेंबूरकर:
मावशीचे यजमान नौदलातून लीडिंग रँकवर निवृत्त झाले. त्यावरच्या पेटी ऑफिसर पदाची परीक्षा पास, बढतीचा जेनफॉर्मही (नौदलातला बढती नोंदवणारा अधिकृत कागद) निघाला होता असं ते म्हणतात, पण सर्व्हिस सर्टिफिकेटवर नोंद नाही. दुरुस्तीचा अर्ज केला, 'उपलब्ध अभिलेखानुसार दावा ग्राह्य नाही' असं दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र येऊन दोन महिने झाले. पुन्हा अर्ज करायचा की कोर्टात जायचं?

फाइलपारखी:
आधी हे नक्की करा: बढती झाली आणि नोंदवायची राहिली, की परीक्षा पास होऊनही बढती झालीच नाही? परीक्षा पास म्हणजे फक्त पात्रता. जेनफॉर्म निघाला असेल तर ती नोंदीतली चूक, कागदावर सिद्ध होते. निघालाच नसेल तर 'मला डावललं' असा दावा होतो, आणि इतक्या उशिरा तो टिकणं कठीण. अर्जात दोन्हींची खिचडी झाली की असंच दोन ओळींचं उत्तर येतं.

जेनफॉर्मचा नंबर आठवत नसेल तर त्यानंतरच्या महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा शोधा. रँक बदलली की पगार बदलतो, आणि स्लिपवर रँक छापलेली असते. बदलीचा हुकूम, कोर्सचं प्रमाणपत्र, रजेचा पास, यांवरही बघा. जुन्या ट्रंकेतला एखादा पिवळा पडलेला कागद दहा पानी अर्जापेक्षा जड भरतो.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, ज्यांनी नकार दिला त्यांच्याच जनमाहिती अधिकाऱ्याकडे. फी १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये. अर्ज काकांच्याच नावाने आणि सहीने करा. तुमच्या नावाने केलात तर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(जे) पुढे करतील. 'बढती का दिली नाही' असं विचारू नका. शीट रोल (सेवेची मूळ नोंद), त्या काळातले जेनफॉर्म आणि या अर्जावरच्या टिपणी, यांच्या साक्षांकित प्रती मागा. 'कागद नष्ट केले' असं उत्तर आलं तर कोणत्या नियमाने, कधी, आणि नष्ट केल्याची नोंद कुठे, हे पुढच्या अर्जात विचारा.

गोदीकाठ:
माहिती अधिकारात गुंतून मुदत घालवू नका. तुमचं कोर्ट म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथे अर्ज करायची मुदत, २००७ च्या कायद्याचं कलम २२: अंतिम आदेशापासून ६ महिने. माहितीला ३० दिवस, पहिल्या अपिलाला ३० ते ४५, म्हणजे त्यातले अडीच महिने तिथेच जातात. उत्तरच आलं नसतं तर ६ महिने वाट बघून पुढचे ६ मिळाले असते, पण तुमच्याकडे नकाराचं पत्र आहे. मुदत उलटली तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज, सबळ कारणांसह.

पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. जुनाट दाव्यावर नवं उत्तर आलं म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात २००८ सालीच सांगितलंय. नवा कागद हाती लागला तर एक पानी पत्रासोबत जरूर पाठवा, पण घड्याळ चालूच आहे असं समजा.

निवृत्त माणसाला न्यायाधिकरणाच्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाता येतं, म्हणजे तुम्हाला मुंबईचंच.

मागणी नीट लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्याच तरसेम सिंग निकालानुसार पेन्शनच्या फेरनिश्चितीला उशीर आड येत नाही, थकबाकी मात्र साधारण मागच्या ३ वर्षांचीच. ज्येष्ठता किंवा बढतीमुळे इतरांच्या हक्काला धक्का लागत असेल तर उशीर भोवतो. म्हणून 'झालेल्या बढतीची नोंद आणि त्यानुसार सुधारित पीपीओ (पेन्शनचा आदेश)' एवढंच मागा. ज्येष्ठतेच्या मागे लागू नका.

चेंबूरकर:
यूट्यूबवर 'नौदल रेकॉर्ड दुरुस्ती मंडळ' आणि फॉर्म १४९ दाखवतात, तो भरायचा का?

फाइलपारखी:
तो अमेरिकी नौदलाचा. त्यांच्याकडे वेगळं मंडळ आहे, चूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत, तीही मंडळ शिथिल करू शकतं. आपल्याकडे तो कागद रद्दीच.

गोदीकाठ:
आणि ६ महिने पत्र हातात पडल्यापासून मोजू नका, आदेशाच्या तारखेपासून मोजा. पाकीट मात्र जपून ठेवा, टपालाच्या शिक्क्यासकट.

चेंबूरकर:
आत्ताच पाहिलं. पत्रावरची तारीख शिक्क्याच्या १९ दिवस आधीची आहे. उद्याच वकिलांना फोन करतो.